अंगुस्तानाची खूण

मैदा ग्रॅममध्ये मोजायला मी शिकले ती वयाच्या 49 व्या वर्षी. तोवर आमच्या घरात तो वाटीनं, मापट्यानं, मुठीनं आणि बऱ्याचदा नुसत्या नजरेनं मोजला गेला होता. छत्रपती संभाजीनगरच्या बेकरी-पेस्ट्रीच्या वर्गात पहिल्याच शनिवारी प्रत्येकापुढं एक चपटा वजनकाटा मांडलेला होता. सर म्हणाले, "250 म्हणजे 250. 253 झालं की चमच्यानं तीन काढायचं." मी काट्याकडं न बघता चार मुठी मैदा भांड्यात टाकला आणि मग आकडा पाहिला. 246. शेजारची विशीतली मुलगी डोळे मोठे करून बघत राहिली. सरांनी नुसतं "चार कमी आहेत, काकू" म्हटलं आणि ते पुढं गेले. माझ्या हाताला आजीची मूठ कधी आली ते मलाही कळलं नव्हतं. आजी जाऊन तर 26 वर्षं झाली होती.

वर्गात आम्ही अठरा जण. माझ्यानंतरची वयानं मोठी विद्यार्थिनी 27 वर्षांची. शनिवारी पहाटे पाचची एसटी, गेवराईला चहा, सुमारे 130 किलोमीटरचा रस्ता, दोन दिवस वर्ग आणि रविवारी रात्री परत बीड. मुलं शिकायला बाहेर गेली होती, गल्लीतले वाढदिवसाचे केक मी करत होते, आणि एका लग्नाच्या केकची ऑर्डर "आपल्याला नाही जमायचं" म्हणून परत पाठवली होती. ती गोष्ट मनाला टोचत राहिली. म्हणून फी भरली. घरी सगळ्यांना वाटलं, ही आता नवीन काहीतरी शिकणार. मलाही तसंच वाटलं होतं.

आमच्या लहानपणी केक ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांबरोबर यायची. भाजलेला खाऊ म्हणजे नानकटाई. दिवाळीच्या आधी अनारसे, चकल्या, शंकरपाळे घरच्या चुलीवर किंवा शेगडीवर व्हायचे. नानकटाई मात्र बाहेरच्या आगीवर. जुन्या बीडमध्ये नदीकडच्या अंगाला एक बेकरी होती. तिच्या मालकाला अख्खी गल्ली चाचा म्हणायची. सामान आपलं, हात आपला, भट्टी चाचांची. त्याची भाजणावळ किलोवर द्यायची.

तयारी आदल्या दिवशीच सुरू व्हायची. रेशनची साखर दळून आणायची आणि पातळ फडक्यातून चाळायची. डालड्याचा ताडाचं झाड असलेला पिवळा डबा काढायचा. घरचं साजूक तूप आजी त्यात थोडंच घालायची. तो कंजूषपणा नव्हता. नुसत्या साजूक तुपाची नानकटाई भट्टीत पसरते, वनस्पती तुपाची उभी राहते, हे तिला ठाऊक होतं. मग पितळी परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन ती तळहातानं फेसायला बसायची. एकाच दिशेनं, गोल गोल, अर्धा-पाऊण तास. पिवळसर तूप पांढरं पडायचं, फुलायचं, हलकं व्हायचं. झालं की नाही हे बघायला ती त्यातला थेंब पाण्याच्या वाटीत टाकायची. बुडाला तर अजून फेसायचं, तरंगला तर मैदा घालायचा.

चाळीस वर्षांनी वर्गात सरांनी फळ्यावर तूप-साखर फेसण्याची आकृती काढली. साखरेचे बारीक खडे चरबीत हवेच्या पोकळ्या धरून ठेवतात, भट्टीत त्या पोकळ्या फुगतात आणि बिस्किट खुसखुशीत होतं, असं समजावलं. मी हात वर करून विचारलं, "मग ते पाण्यावर तरंगतं ते हवेमुळंच ना?" सर थांबले. त्यांनी ही परीक्षा कधी पाहिली नव्हती. त्यांनी वाटीभर पाणी मागवलं. थेंब तरंगला, आणि अठरा जणांनी माझ्या आजीला टाळी दिली. तिला पदार्थविज्ञान हा शब्द माहीत नव्हता. विज्ञान मात्र तिच्या वाटीत होतं.

भट्टीवर जायची वेळ दुपारची. का दुपारचीच, ते लहानपणी कळायचं नाही. भट्टी विटांची, घुमटाची, लाकडावर चालणारी. मध्यरात्रीनंतर ती तापवून पहाटे पाव लावायचे. पावाला आग कडक लागते. मग उतरत्या आचेवर खारी, बटर, टोस्ट. सगळ्यात शेवटी, विटा नुसत्या कोमट-गरम उरल्या की नानकटाई. म्हणजे पहाटेच्या पावासाठी पेटवलेल्या लाकडाचं उरलेलं ऊन आम्ही दुपारी विकत घ्यायचो. आता ओव्हनचं बटण फिरवून 160 करताना मला ती उतरती भट्टी आठवते. तिच्यात कणभरही उष्णता वाया जात नव्हती.

चाचा नानकटाई आत सारायच्या आधी चिमूटभर मैदा भट्टीत भिरकवायचे आणि ओठांत काहीतरी पुटपुटायचे. मला वाटायचं, दुवा मागतात. ते आकडे मोजत असत. मैदा किती मोजेपर्यंत तांबूस होतो त्यावर आच ठरायची. वर्गात दुसऱ्या महिन्यात सरांनी प्रत्येक ओव्हनमध्ये वेगळा तापमापक ठेवायला लावला. "बटणावर विश्वास ठेवू नका. बटण 180 म्हणतं, आत 165 असतं." चाचा आणि सर, दोघांचाही बटणावर विश्वास नव्हता. चाचांना निदान बटणच नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या काही घरांत अंड्याचं सोवळं असायचं. चाचा ते जाणून होते. बिनअंड्याचे पत्रे त्यांनी वेगळे ठेवले होते आणि आजीला ते दरवेळी दाखवायचे, "फिकर नक्को माँजी, इस पत्रे कू अंडा लग्याच नै." आजी म्हणायची, "लागला असता तरी भट्टीनं कुठं सांगितलं असतं?" आणि दोघंही हसायचे. निजामाच्या राज्यातून बाहेर पडून तेव्हा चाळीस वर्षंही झाली नव्हती. पोलिस कारवाईच्या आठवणी दोघांच्याही घरात होत्या. पण भट्टीसमोरच्या बाकावर मी त्या कधी ऐकल्या नाहीत. तिथं विषय एकच: आच उतरली का?

खरी गंमत पत्र्यावर होती. एका दुपारी चार-पाच घरांची नानकटाई एकत्र भट्टीत जायची. गोळे सगळ्यांचे सारखेच, भाजून फुगले की कुणाचे कुणाला कळायचं नाही. म्हणून प्रत्येक घराची खूण असायची. कुणी काट्या-चमच्यातला काटा दाबायचं, कुणी बाटलीचं झाकण, कुणी किल्ली, कुणी मधोमध एकच चारोळी. आमची खूण अंगुस्तानाची. गोधडी शिवताना बोटात घालतात ते पितळी अंगुस्तान आजी गोळ्यावर अलगद दाबायची. त्याच्या खळग्यांचे बारीक दाणे नानकटाईवर गोल उमटायचे आणि भाजल्यावर तिथंच चिरा पडून फूल उमललेलं दिसायचं. बाकावर बसून आम्ही पोरं आपापलं फूल शोधायचो. तुटलेल्या नानकटाया चाचा आमच्या हातावर ठेवायचे, त्यांना मात्र घर नसायचं. एकाच वासात सगळ्या गल्लीची परिस्थिती कळायची. कुणी तुपाला हात आखडला, कुणी वेलची सढळ घातली, कुणाची साखर जाड राहिली, हे दिवाळीच्या आधीच सगळ्यांना माहीत व्हायचं.

1989 च्या जुलैत बिंदुसरा नदीला महापूर आला आणि जुनं बीड हादरलं. भट्टीत पाणी शिरलं. ओली भट्टी एकदम पेटवली तर विटा तडकतात, म्हणून चाचांनी कितीतरी दिवस तिच्यात नुसता विस्तव ठेवून ती सुकवली. गल्लीतल्या घरांत भांडी, कपडे, पुस्तकं उन्हात पडलेली. त्या दिवाळीत कुणाकडंच फराळ नीट झाला नाही. आजी मात्र एक किलोची का होईना, नानकटाई घेऊन भट्टीवर गेली. चाचांनी त्या वर्षी कुणाकडूनच भाजणावळ घेतली नाही.

अंगुस्तान हे तिचं खरं तर शिवणाचं हत्यार. दुपारी आवराआवर झाली की ती जुनी लुगडी पसरून बसायची. आमच्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात. कडेनं धाव टाका घालत घालत ती मध्यावर यायची. शाळेची सहल अंबाजोगाईला गेली तेव्हा गुरुजींनी दासोपंतांच्या पासोडीची गोष्ट सांगितली. सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय चित्रांसकट लिहून काढला. घरी येऊन मी ते आजीला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती टाका न थांबवता म्हणाली, "त्यांना लिहिता येत होतं बाई. आम्हाला येत नव्हतं, म्हणून आम्ही टाके घातले." हे तक्रारीचं बोलणं होतं की अभिमानाचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हात एकच असतो. तो दुपारी कापडावर चालतो, संध्याकाळी कणकेवर. आमच्याकडं ही दोन खाती वेगळी नव्हतीच. त्याचा पुरावा म्हणजे रुखवत. माझी आत्या रुखवतातली कलाकार. लग्न कुणाचंही असो, महिनाभर आधी तिला बोलावणं यायचं. डाळ-तांदळाची सप्तपदी, खोबऱ्याच्या वाटीवर कोरलेलं नाव, मोत्यांचा गणपती, क्रोशाचे रुमाल, बिस्किटांचा बंगला, बर्फीची पुस्तकं, लाडवांची उतरंड. बिस्किटांच्या बंगल्याला ती घट्ट साखरेच्या पाकानं सांधायची. मांडव उठला की मुलीकडच्या पोरांनी आधी बंगल्याचं छप्पर खायचं हा रिवाज होता. आत्याला मोबदला म्हणून खणाचा एक ब्लाउजपीस मिळायचा. तिच्या पेटीत न शिवलेले असे पुष्कळ ब्लाउजपीस होते.

आणि संक्रांतीचा हलवा! मला आता वाटतं, आमच्या घरात खरी पेस्ट्री होती ती हीच. पौषातल्या थंडीत पहाटे कोळशाच्या मंद शेगडीवर परात ठेवायची. तीळ, खसखस, साबुदाणा किंवा भोपळ्याच्या बिया कोमट करून घ्यायच्या. साखरेचा पातळ पाक चमचा-चमचा शिंपडायचा आणि हातानं हलकेच फिरवत राहायचं. पाक वाळला की पुन्हा चमचा. आच वाढली तर साखर पिवळी, हात थांबला तर गठ्ठा, हवा दमट असली तर काटा येत नाही. दोन-तीन पहाटा घालवल्या की दाण्यांवर पांढरे शुभ्र काटे उभे राहायचे. मग आत्या काळ्या कागदावर, जरीवर ते दाणे ओवून-चिकटवून हार, बाजूबंद, मुकुट करायची. नव्या सुनेला काळी साडी आणि वर हे पांढरे दागिने, लहान मुलांना बोरन्हाणाला बासरी आणि मुकुट. अंगावर घालायचे आणि नंतर खायचे दागिने जगात आणखी कुठं असतात मला माहीत नाही. पेस्ट्रीच्या पुस्तकात साखरेच्या कलाकुसरीचा मोठा धडा आहे. तो वाचताना मला सारखं वाटत होतं, हा धडा आपण आधी गिरवलाय, फक्त स्वाध्याय लिहून काढला नव्हता.

घरात पहिला केक झाला तो आईच्या हातून, साधारण 1987 च्या सुमाराला. ओव्हन कुठला! कुकरच्या तळाशी बिंदुसरेची चाळून धुऊन वाळवलेली वाळू, शिट्टी आणि रबर काढलेलं झाकण, आत ॲल्युमिनियमच्या डब्यात रवा, दही, साखर, सोडा. आईजवळ कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' होतं. ते 1970 सालचं पुस्तक, आणि त्याचं माप वाटी-चमच्याचं. त्यामुळं बीडच्या वाटीला पुण्याच्या पुस्तकाची भीती वाटत नसे. केक खालून थोडा करपला, मधून थोडा बसला. आम्ही तो सुरीनं नव्हे तर दोऱ्यानं कापला, कारण सुरीनं त्याचा भुगा होत होता. तरी शेजारच्या तीन घरांत एकेक तुकडा गेला.

पुढं माझं लग्न झालं, 2005 साली छोटा ओव्हन आला आणि त्याच्या मागोमाग भारनियमन आलं. केक अर्धा फुगला की वीज जायची. अर्धा फुगलेला केक थंड होताना मधोमध जो खड्डा पडतो तो मी त्या वर्षांत इतक्या वेळा पाहिला की त्यात क्रीम आणि फळं भरून "हा असाच असतो" असं सांगायला शिकले. नंतर दुष्काळाची वर्षं आली. 2013 मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्रसुद्धा पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं, तिथं माझ्या केकच्या भांड्यांची काय कथा! मी डब्याला आतून बटर पेपर लावायला लागले, म्हणजे डबा नुसता पुसून चालायचा. वर्गात सर म्हणाले, "पेपर लावणं ही चांगली व्यावसायिक सवय आहे." मी मान डोलावली. ती सवय टँकरनं लावली होती.

आता वर्गाकडं येते. तिसऱ्या महिन्यात आला पफ पेस्ट्रीचा धडा. मैद्याची चादर लाटायची, तिच्यात थंड लोण्याची चादर गुंडाळायची, तीन पदरी घडी घालायची, गार करायची, पुन्हा लाटायची, पुन्हा घडी. तीन वेळा केलं की लोण्याचे 27 थर. भट्टीत लोण्यातलं पाणी वाफ होऊन उठतं आणि एकेक थर वेगळा होतो. सरांनी तयार पेस्ट्री मोडली, पापुद्रे उडाले. वर्गातली पोरं "वॉव" म्हणाली. मी म्हणाले, "सर, ही तर खारी!" सगळे हसले, पण सर हसले नाहीत. म्हणाले, "हो, खारीच. फक्त खारीत लोण्याऐवजी बहुतेक वनस्पती असतं, आणि तिला कुणी फ्रेंच नाव दिलं नाही." चाचांच्या बेकरीत पहाटे दोनला उघड्या अंगानं ही घडी घालणारी माणसं माझ्या डोळ्यांपुढं आली. 27 पर्यंत ती मोजत नसतील. पण साडीची घडी मोडली तर जशी हाताला कळते, तशी ती त्यांना कळत असणार.

क्रीमच्या कोनाचं तेच. नोझल लावलेली पिशवी हातात आली आणि मनगटानं आपोआप मेंदीचा कोन धरला. दाब मुळाशी, दिशा टोकाशी, थांबताना दाब आधी सोडायचा. रांगोळीची चिमूट जिला येते तिला क्रीमची ओळ येते. माझ्या वर्गातल्या मुली व्हिडिओ बघून शिकल्या होत्या, त्यांचे गुलाब माझ्यापेक्षा सुबक. माझी वेलबुट्टी मात्र सरळ वाकळेच्या कडेवरून आलेली.

साखरेच्या धड्याला मात्र सगळ्यांना मागं टाकलं ते वडवणीकडच्या एका पोरानं. वीस-एकवीस वर्षांचा, अबोल. 112 ते 116 अंशांवर पाक गोळीबंद होतो, 150 च्या आसपास तो काचेसारखा कडक तुटतो. हे आम्ही तापमापक बघून करत होतो, तो मात्र बुडबुड्यांकडं बघून गॅस कमी करायचा, आणि मागाहून तापमापक त्याला दुजोरा द्यायचा. गरम साखर ओढून त्यानं चकाकत्या पाकळ्यांचं फूल केलं. मी विचारलं, "कुठं शिकलास रे?" तर म्हणाला, "काकू, माझे आईबाप म्हंजे एक कोयता. दरसाली दिवाळी झाली की उचल घेऊन कारखान्यावर. सहावीपर्यंत मी बी संगंच होतो. गुऱ्हाळाच्या काहिलीपाशी बसायला आवडायचं, ऊब लागायची." ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात हे बीडमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. संभाजीनगरच्या वर्गात ते त्याला दोनदा समजावून सांगावं लागलं. आईबापांनी ऊस तोडायचा आणि मुलानं साखरेचं फूल करायचं, या दोन्हींच्या मधे एक अख्खा साखर कारखाना आहे. त्यानं ते फूल कागदात गुंडाळून, सिलिका जेलची पुडी घालून आईसाठी नेलं. दमट हवेत साखरेचं फूल रडतं, ते रडू नये म्हणून.

परीक्षेआधी प्रत्येकाला आपल्या भागातलं फळ घेऊन काहीतरी नवं करायचं होतं. मी अर्थातच सीताफळ घेतलं. बालाघाटाच्या डोंगरावरचं, दसरा-दिवाळीच्या तोंडाला येणारं. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी प्रस्तावनेत झोकात लिहिलं. गर काढून केकच्या मिश्रणातच घातला आणि भाजला. रंग सुंदर, पोत सुंदर, चव कडू. सीताफळाच्या गराला आच लागली की तो कडू होतो. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? आजी म्हणायची, "सीताफळाला चूल दाखवू नये, ते रुसतं." मी ती म्हण समजत होते, तो पाठ होता. दुसऱ्या खेपेला साधा केक भाजून थंड केला आणि गर गार क्रीममध्ये मिसळून थरांत भरला. सर म्हणाले, "हं, हे बीड." मनात म्हटलं, हे बीड नाही सर, ही आमची आजी.

शेवटचा विषय होता किंमत काढण्याचा. साहित्य, वीज, खोका, वाहतूक, वाया गेलेला माल, नफा. मी लग्नाच्या तीन मजली केकचं पत्रक भरलं. वर क्रोशाची नाजूक लेस साखरेच्या लगद्यात उतरवली होती, बाजूला हलव्याचे दागिने. 22 तासांचं काम. मजुरीच्या रकान्यात मी काय लिहावं ते सुचेना, म्हणून रेघ ओढली. सरांनी त्या रेघेला लाल गोल केला आणि विचारलं, "काकू, हे 22 तास कुणाचे?" मी म्हणाले, "माझेच." "मग ते फुकट का?" उत्तर देता येईना. परतीच्या एसटीत गेवराई गेलं तरी मी हिशेबच करत होते. आत्याची लग्नं किती, रुखवतं किती, महिने किती. आणि त्याच्यापुढं ब्लाउजपीस. आजचा वजनकाटा 246 आणि 250 मधले चार ग्रॅम पकडतो. आमच्या काळच्या मायेच्या मापात अख्ख्या बायका सुटल्या.

तेव्हा जुनं सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. आज माझ्यासारखी बाई आपल्या हाताची किंमत लावते आणि गिऱ्हाईक ती देतं, हे चांगलंच झालंय. चॉकलेट, क्रीम आता थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून बसनं येतं. 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तीच्या दिवशी, बीडला पहिली रेल्वेसुद्धा आली. आमच्या आजोबांच्या पिढीनं जिची वाट पाहिली ती गाडी बघायला मी साखरेचे हात घेऊनच गेले होते. पण एक गोष्ट मात्र खरोखर हरवली. आमची आग एक होती. आज गल्लीत माझ्यासकट चौघी जणी केक करतात, चौघींकडं चार ओव्हन, चार दारं, मोबाइलवर त्याच त्या फुलांचे फोटो. कुणाच्या डब्यात तूप कमी पडलं ते कुणालाच कळत नाही. चांगलं झालं की आवडल्याची खूण येते, बिघडलं तर कुणी काही बोलत नाही. बाकावरच्या बायका बोलायच्या.

चाचा गेले. बेकरी त्यांचा नातू चालवतो. विजेचा मोठा ओव्हन आलाय. जुनी भट्टी आहे, पण तिच्या तोंडाशी मैद्याची पोती रचलेली. मी विचारलं, कुणी अजून घरचं सामान भाजायला आणतं का? तो म्हणाला, "अब कौन लाता काकू? सब घरमेच करते." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्हारे घर का निशान अब्बा बताते थे. वो सुई का टोपी."

त्यानंतरच्या संक्रांतीला मी दोन किलो नानकटाई केली, घरच्या ओव्हनमध्ये, 160 अंशांवर, तापमापक लावून, प्रत्येक गोळा मोजून 25 ग्रॅमचा. आजीच्या शिवणाच्या डब्यातून अंगुस्तान काढलं, धुतलं आणि प्रत्येक गोळ्यावर दाबलं. तिळगुळाबरोबर वाटायला गल्लीत निघाले. कोपऱ्यावरच्या घरात नव्वदीच्या घरातल्या एक आजी आहेत. भट्टीच्या बाकावर आमच्या आजीशेजारी बसायच्या, त्यांची खूण किल्लीची. आता नजर अधू झालीय. त्यांनी नानकटाई हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली नाही, नुसता अंगठा तिच्यावरून फिरवला.

"तुमच्या घरची हाय," त्या म्हणाल्या.

मग तोंडात टाकली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी वाट बघत उभी होते, परीक्षेला उभी राहिले होते तशीच.

"खूण आजीची हाय," त्या शेवटी म्हणाल्या, "तूप मात्र कमी फेसलंस पोरी. हात थांबला व्हता मधी."

खरं होतं. मधे फोन आला होता.